निळ्या पेटीतील कालयंत्र

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हे संत्र्यांच्या बागांच्या मुलखातील एक तालुक्याचे गाव आहे. तेथून अचलपुरास जावयाचे असो, अमरावतीस जावयाचे असो किंवा आगगाडीने नरखेडकडे जावयाचे असो, वाटांची वाण नाही. तिकिटापुरते पैसे खिशात असले म्हणजे झाले. परंतु त्याच गावातील एखाद्याला कालच्या दिवसाला जावयाचे झाले, तर त्यासाठी कोणत्याही फलाटावर गाडी लागत नाही. उद्याकडे जाणारी गाडी मात्र सर्वांना फुकट मिळते. ती सर्वांना सारख्याच वेगाने घेऊन जाते आणि तीतून मध्येच उतरता येत नाही; निदान वाटते तरी तसे.

भूमीवर मनुष्य मागे, पुढे, हवा तिकडे फिरतो. काळात तो एकाच दिशेने वाहत जातो. ही अडचण त्याला फार पूर्वीपासून खुपत आली आहे. भागवत पुराणात ककुद्मी राजाची कथा आहे. आपल्या रेवती नावाच्या कन्येस योग्य वर कोणता, हे विचारण्यासाठी हा राजा तिला घेऊन ब्रह्मलोकास गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालले होते, म्हणून तो क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्याने मनातील राजपुत्रांची नावे ब्रह्मदेवापुढे ठेवली, तेव्हा ब्रह्मदेवास हसू आले. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली होती. ते राजपुत्र कोठले, त्यांच्या नातवंडांची नावेही आता ऐकू येत नव्हती! राजा परतला तो सर्वस्वी नव्या जगात, आणि रेवतीचा विवाह पुढे बलरामाशी झाला. या कथेवरून आपल्या पूर्वजांना कालप्रवासाचे शास्त्र अवगत होते, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. काळ सगळीकडे एकाच चालीने चालत नसेल, ही कल्पना मात्र त्यांच्या मनात डोकावली होती, एवढे खरे.

ककुद्मीजवळ यंत्र नव्हते. काळात फिरण्यासाठी माणसाने स्वतःच्या हातांनी यंत्र घडवावे, ही कल्पना लोकप्रिय केली ती एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. त्याची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तीतील प्रवासी यंत्राच्या बैठकीवर बसतो, दांडा पुढे ढकलतो आणि बघता बघता इसवी सन ८,०२,७०१ मध्ये जाऊन पोहोचतो. त्याच्याभोवती दिवस आणि रात्री पंख्याच्या पात्यांसारख्या भिरभिरतात, पण यंत्र आपल्या जागेवरून तसूभरही हलत नाही.

येथे एक शंका चाणाक्ष वाचकास यावयास हवी. पृथ्वी तर सूर्याभोवती दर सेकंदास सुमारे ३० किलोमीटर या वेगाने धावत आहे. एका तासात ती एक लक्ष किलोमीटरांहून अधिक अंतर तोडते. चांदूर बाजारच्या एखाद्या मुलाने असे यंत्र केले, आणि ते अवकाशातील आपली जागा न सोडता त्याला एक तास मागे घेऊन गेले, तर त्याला तेथे ना शाळा दिसेल, ना बाजार. पायांखाली जमीनसुद्धा सापडणार नाही. एक तासापूर्वीचे चांदूर बाजार तेथून एक लक्ष किलोमीटरांहून अधिक दूर असेल. तात्पर्य, केवळ काळात फिरणारे यंत्र उपयोगाचे नाही; ते अवकाशातही फिरले पाहिजे.

असे दुहेरी प्रवास करणारे कालयंत्र इंग्लंडमधील एका दूरचित्रवाणी मालिकेत आहे. ‘डॉक्टर हू’ हे त्या मालिकेचे नाव. तिचा पहिला भाग बी. बी. सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, आणि सगळ्या जगाचे चित्त तिकडे लागले होते. म्हणून पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. ते बालपणीच इंग्लंडला गेले होते.

मालिका काढताना बी. बी. सी. च्या मनात मुलांना करमणुकीबरोबर इतिहास आणि विज्ञान शिकवावे असा हेतू होता. म्हणून पहिल्या कथेतील प्रवासी निवडले तेही मोठ्या योजकतेने: शाळेतील एक विज्ञानाचे शिक्षक आणि एक इतिहासाच्या शिक्षिका. त्यांच्या वर्गात सुसान नावाची एक मुलगी असते. काही विषयांत ती शिक्षकांनाही मागे टाकते आणि काही अगदी साध्या गोष्टी तिला ठाऊक नसतात. ही मुलगी राहते तरी कोठे, हे पाहण्यासाठी दोघे शिक्षक तिच्या मागोमाग जातात. तिने दिलेला पत्ता म्हणजे भंगाराचे एक आवार निघते. तेथे एक निळी पेटी उभी असते, आणि तीत सुसान व तिचे आजोबा राहत असतात. हे आजोबा म्हणजेच ‘डॉक्टर’. ती पेटी दोघा शिक्षकांना थेट अश्मयुगात नेऊन सोडते!

या पेटीला ‘टार्डिस’ असे नाव आहे. काळ, अवकाश आणि त्यांची सापेक्ष परिमाणे अशा आशयाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ते बनले आहे. पेटीचे रूप मात्र अगदी साधे, रस्त्यावरचे. टेलिफोन घरोघरी पोहोचले नव्हते त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांच्या अशा शेकडो निळ्या पेट्या उभ्या असत. त्यांची ही घडण १९२९ साली गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी आखली. पेटीच्या बाहेरील अंगास एक लहान झडप असे. ती उघडून कोणाही नागरिकास आतील टेलिफोनवरून पोलिसांना बोलावता येई. गस्तीवरच्या शिपायाला ठाण्याचा निरोप द्यावयाचा असला की पेटीच्या माथ्यावरील दिवा लुकलुकू लागे. शिपाई आत बसून आपला अहवाल लिही, क्वचित विसावाही घेई.

कालयंत्राला असे बावळे रूप का दिले असावे? मालिकेतील कथा अशी, की हे यंत्र जेथे उतरेल तेथल्या परिसरास शोभेल असे रूप धारण करते. पण लंडनमध्ये पेटीचे रूप घेतल्यावर त्याची ती कळ बिघडली, आणि तेव्हापासून ते अश्मयुगात गेले काय किंवा रोमच्या साम्राज्यात गेले काय, पोलिसांची पेटीच राहिले. खरे कारण याहून व्यवहारी होते. दर कथेला नवे यंत्र बांधण्याचा खर्च परवडणारा नव्हता. काटकसरीतून निघालेली ही युक्ती पुढे मालिकेची ओळख ठरली. लंडनच्या रस्त्यांवरून खऱ्या पेट्या हळूहळू नाहीशा झाल्या. आज ती पेटी दिसली की लोकांना पोलीस आठवत नाहीत, कालयंत्र आठवते. या आकृतीवर हक्क कोणाचा, असा वादही पोलीस आणि बी. बी. सी. यांच्यात झाला, आणि २००२ साली निकाल बी. बी. सी. च्या बाजूने लागला. पोलिसांच्या पेटीवरचा दावा पोलीसच हरले!

पेटीची खरी गंमत तिच्या दाराआड आहे. बाहेरून पाहिले तर चार माणसे दाटीवाटीने उभी राहतील एवढीच ती दिसते. आत पाऊल टाकावे तो प्रशस्त दालन, मधोमध कळींचे पटल, आणि त्यापलीकडे दालनांमागून दालने! बाहेरून लहान आणि आतून विशाल अशा कोणत्याही जागेला आता इंग्लंडात लोक या यंत्राचे नाव देतात. ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही तो शब्द स्वीकारला आहे. यंत्र निघताना आणि उतरताना जो घरघरणारा, कण्हणारा ध्वनी होतो, तो ब्रायन हॉजसन या ध्वनितज्ज्ञाने एका जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून तयार केला. एवढ्या अद्भुत यंत्राचा आवाज एका किल्लीतून निघाला, हे वाचून कोणालाही नवल वाटेल.

या यंत्राचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते आपल्या प्रवाशांना कोणत्याही देशाची, कोणत्याही युगाची भाषा त्यांच्या स्वतःच्या भाषेत ऐकविते. प्रवासी रोममध्ये उतरला तरी त्याला लॅटिन कळावी लागत नाही. सोय मोठी खरी. पण त्यात प्रवाशाचे काही हरवते की काय, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

हे सारे कल्पनेचे झाले. खऱ्या जगात काळाचा प्रवास कितपत शक्य आहे? पुढच्या काळात, म्हणजे भविष्याकडे, इतरांपेक्षा थोडे लवकर जाता येते, असे विज्ञान सांगते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ स्थिर असणाऱ्याच्या मानाने हळू चालते. पुढे त्यांनीच दाखविले, की गुरुत्वाकर्षण जेथे प्रबळ असते तेथेही काळ मंदावतो. १९७१ साली दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी अत्यंत अचूक अशी आण्विक घड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि जमिनीवरील घड्याळांशी ती ताडून पाहिली. फरक पडला होता. तो एका सेकंदाच्या कोट्यंशाइतका सूक्ष्म होता, पण सिद्धांताशी जुळणारा होता.

हा फरक केवळ प्रयोगशाळेत राहिलेला नाही. चांदूर बाजारच्या रस्त्यावर मोबाइलवर नकाशा उघडणारा मनुष्य सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांवर विसंबून असतो. ही घड्याळे वेगामुळे किंचित मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे त्याहून अधिक पुढे जातात. दोन्हींचा हिशेब केला, तर ती दररोज सेकंदाच्या ३८ दशलक्षांशांनी पुढे धावतात. एवढीशी चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात नकाशा सुमारे दहा किलोमीटरांनी चुकू लागेल, आणि चांदूर बाजारच्या बाजारपेठेत उभा असलेला मनुष्य तो रिद्धपूरच्या वाटेवर दाखवील! उद्याकडे जाणारी गाडी सर्वांना सारख्याच वेगाने नेत नाही, ती अशी.

ही कल्पना मराठी कथेत आणण्याचे मोठे श्रेय खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्याकडे जाते. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. १९७४ साली त्यांनी तीसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली, पण ती स्वतःच्या नावाने पाठविली नाही. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी नावाची आद्याक्षरे उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले. या जगतापांच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कृष्णविवराजवळ गुरुत्वाकर्षण इतके प्रबळ असते, की तेथे गेलेल्याची काही वर्षे म्हणजे पृथ्वीवरील कितीतरी वर्षे ठरू शकतात. पुराणातील ककुद्मीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, की कृष्णविवराजवळच्या काळाचे गणित मांडता येते.

मागच्या काळात जाण्याचे गणित मात्र फार अवघड आहे. समजा, एखादा मुलगा मागे गेला आणि त्याने आपल्या आजोबांची व आजीची भेटच होऊ दिली नाही. मग त्या मुलाचा जन्म कसा होणार? आणि तो जन्मलाच नाही, तर मागे गेला कोण? या पेचातून सुटण्यासाठी कथाकार नाना वाटा काढतात. नारळीकरांच्याच एका कथेत गंगाधरपंत नावाचे इतिहासाचे प्राध्यापक पानिपतावर मराठ्यांचा जय झालेल्या निराळ्याच जगात जाऊन पोहोचतात. १७६१ साली जे घडले ते त्यांना बदलता येत नाही. ते फक्त दुसरा इतिहास पाहून परत येतात.

पाहणे, हे मात्र आपल्यालाही साधते. त्यासाठी गावाच्या दिव्यांपासून थोडे दूर, एखाद्या शेतात जावे आणि स्वच्छ रात्री वर दृष्टी टाकावी. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो, तरी ताऱ्यांवरून येथे यावयास त्याला वर्षेच्या वर्षे लागतात. सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा. व्याधाचा तारा दिसतो तो साडेआठ वर्षांपूर्वीचा. रोहिणीचा तांबूस तारा सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास निघालेला तिचा प्रकाश अलीकडे वऱ्हाडच्या शेतांवर उतरला. मघा नक्षत्राचा ठळक तारा सुमारे ७९ प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या प्रकाशाने प्रस्थान ठेवले तेव्हा देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता. कृत्तिकांचा पुंजका सव्वाचारशे ते साडेचारशे वर्षांपूर्वीचा दिसतो. अचलपूरची इमादशाही १५७४ साली बुडाली आणि पुढे १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला. त्याच धामधुमीच्या सुमाराचा हा प्रकाश आहे. एकाच आकाशात असे निरनिराळे काळ शेजारी शेजारी चमकत असतात.

पण ताऱ्यांचा प्रकाश ताऱ्यांचीच बातमी आणतो. त्या काळी अचलपूरच्या बाजारात लोक काय बोलत होते, हे कृत्तिका सांगू शकत नाहीत. माणसांचा गेलेला काळ ऐकावयाचा, तर तो कोणीतरी जपून ठेवलेला असावा लागतो. आणि येथे त्या निळ्या पेटीच्या मालिकेचीच एक हकिकत मोठी विलक्षण आहे.

डॉक्टर आणि त्याचे कालयंत्र ज्या फितींवर चित्रित केले होते, त्या फिती महाग असत, आणि पुसून पुन्हा वापरता येत. एकदा दाखविलेला कार्यक्रम लोक घरी बसून वारंवार पाहतील, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून बी. बी. सी. ने जुन्या फिती पुसून टाकल्या. परदेशी पाठविण्यासाठी केलेल्या चित्रपट्ट्याही जागेअभावी नष्ट केल्या. पुढे चूक उमगली तेव्हा पहिल्या सहा वर्षांतील शंभराहून अधिक भाग नाहीसे झाले होते. काळात हवे तेथे जाणाऱ्या यंत्राची कथा सांगणाऱ्यांना स्वतःचा काल राखता आला नाही!

मग शोध सुरू झाला. काही पट्ट्या खाजगी संग्रहांत मिळाल्या, काही परदेशांतून आल्या. २०१३ साली आफ्रिकेतील नायजेरिया देशातून मिळालेले नऊ भाग जाहीर झाले. तरीही नव्वदच्या आसपास भागांचे चित्र गेले ते गेलेच. मात्र नवलाची गोष्ट ही, की हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. तो कोणत्याही संस्थेने जपलेला नव्हता. त्या वेळचे काही प्रेक्षक, त्यांत शाळकरी मुलेही होती, दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रक ठेवून आवडीने ते भाग मुद्रित करीत असत. घरातल्यांना गप्प बसवून केलेल्या या मुद्रणांवरून आता हरवलेले भाग पुन्हा उभे केले जातात.

हरवलेली गोष्ट ऐकणाऱ्यांच्या साठवणीतून परत मिळाल्याचे याहून फार जुने उदाहरण चांदूर बाजारच्या शेजारीच आहे. गावाच्या पूर्वेस, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात येथे महानुभाव पंथाचे श्रीगोविंदप्रभू राहत असत. त्यांचे शिष्य श्रीचक्रधरस्वामी यांनी महाराष्ट्रभर पायी फिरून लोकांना त्यांच्याच मराठी भाषेत उपदेश केला. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी रिद्धपुरास जमले. त्यांत नागदेवाचार्य होते, आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदाइसा होती, आणि म्हाइंभट नावाचे एक विद्वान होते. स्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या मनात आहेत तोवर ठीक. पण माणसे वृद्ध होतात, जातात. मग त्या आठवणी कोठे राहणार?

म्हाइंभटांनी या प्रश्नाचे उत्तर कष्टाने दिले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्या त्यांच्याकडे जाऊन ते विचारीत: स्वामी काय बोलले, कोठे बसले, कोण जवळ होते? मिळालेल्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या. अशा रीतीने सुमारे १२७८ साली ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानतात. त्यात केवळ उपदेश नाही. गावे आहेत, देवळे आहेत, जेवणखाण आहे, थट्टामस्करी आहे, रुसवेफुगवेही आहेत. हातात मावेल एवढी पोथी, आणि तिच्या आत तेराव्या शतकातील अवघा महाराष्ट्र नांदतो आहे.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत या ग्रंथाची मूळ प्रत हरवली, असे महानुभावांची परंपरा सांगते. जे लिहिले ते गेले. उरले ते ऐकलेले आणि पाठ केलेले. तेव्हा पंथातील माणसांनी आपापल्या स्मरणातून एकेक लीळा पुन्हा उभी करण्यास आरंभ केला. यांत हिराइसा नावाच्या एका स्त्रीचे स्थान मोठे आहे. तिला ग्रंथ मुखोद्गत होता, आणि तिच्या स्मरणातील पाठ ‘हिराइसापाठ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. इतरांनी सांगितलेले पाठही सिद्ध झाले. सगळ्यांच्या आठवणी जुळल्या असे नाही. जेथे त्या जुळल्या नाहीत, तेथे एकच खरी मानून दुसरी पुसून टाकण्याची घाई महानुभावांनी केली नाही. भिन्न आठवणही त्यांनी नोंदून ठेवली. सातशे वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आजच्या इतिहासकारासही हेवा वाटावा असा आहे.

एकदा हात पोळल्यावर पोथ्या जपण्याचा आणखी एक उपाय त्यांनी केला. ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा नावांच्या सांकेतिक लिप्या त्यांनी योजिल्या. या लिप्यांत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर लिहीत. ज्याला किल्ली ठाऊक नाही, त्याला ओळी दिसत पण अर्थ लागत नसे. पोथ्या सुरक्षित राहिल्या खऱ्या, पण बाहेरच्या जगाला त्यांचे दार शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांनी या लिपीचे कोडे सोडविले, आणि आतले विशाल दालन मराठी वाचकांना दिसू लागले. वऱ्हाडचेच सुपुत्र डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून पाहून संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. आज मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरातच आहे.

इंग्लंडातील ती निळी पेटी एखाद्या रात्री तेराव्या शतकातील रिद्धपुरास उतरली, अशी कल्पना करावी. दार उघडून बाहेर आलेल्या प्रवाशाला महदाइसेचे बोलणे सरळ त्याच्या आजच्या भाषेत ऐकू येईल, कारण यंत्राचा तो गुणच आहे. तो सर्व काही समजेल, परंतु त्या काळची मराठी कशी होती, हे मात्र त्याला कधीच कळणार नाही. पोथी असा अनुवाद करीत नाही. तीत स्वामी ‘जेवले’ असे नसते, त्यांचे ‘आरोगण’ होते. ते निजत नाहीत, त्यांना ‘पहुड’ होतो. वाचकाला थोडे अडखळावे लागते, शब्द विचारावे लागतात. पण मग एखादा ओळखीचा चेहराही भेटतो. स्वामी ज्या ठिकाणी मुक्काम करीत त्याला लीळाचरित्रात ‘बिढार’ म्हटले आहे. चांदूर बाजारात नवे भाडेकरू आले, की शेजारची माणसे अजूनही म्हणतात, की अमक्याच्या वाड्यात नवे बिऱ्हाड आले.